बारा सेक्टर

शनिवार, 6 जुलै 2024

पहाटे साडेपाचला सुमात्रा आला. पश्चिमेकडून सामुद्रधुनी ओलांडून येणाऱ्या या झोडपणाऱ्या पावसाला इथे सिंगापुरात सरळ त्या बेटाचंच नाव आहे. एप्रिल ते नोव्हेंबरात कधीही येतो, बहुधा दिवस उजाडायच्या सुमाराला. खिडकी लावेपर्यंत ओटा भिजला आणि मेन स्विच पडला. तो वर केल्यावर पंखे फिरले, फ्रिज गुरगुरला. सर्व्हर मात्र सुरू होऊन गप्प बसला.

सर्व्हर म्हणजे जुन्या कंप्युटरच्या खोक्यात चार-चार टेराबाइटच्या चार डिस्क, रेड-5 मध्ये बांधलेल्या. तो राहतो आमच्या बॉम्ब शेल्टरमध्ये. क्वीन्सटाउनच्या डॉसन भागातली आमची इमारत नवी आहे, आणि 1997 च्या कायद्यानंतर इथल्या नव्या घरांत जाड काँक्रीटची, पोलादी दाराची एक खोली असावीच लागते. लोक तिथे तांदूळ, बॅगा आणि इस्त्रीचं टेबल ठेवतात. आम्ही सर्व्हर ठेवला. बॉम्बपासून सुरक्षित, पण उकाड्याने हैराण.

स्क्रीनवर आलं : चारपैकी दोन डिस्क गैरहजर. रेड-5 एका डिस्कचं मरण सोसतं, दोनांचं नाही.

"पुन्हा सुरू करून बघू का?" नवऱ्यानं विचारलं.

"हात लावू नकोस," मी म्हणाले, आणि स्वतःच बंद करून टाकला.

आत काय काय आहे? लेकीचे जन्मापासूनचे फोटो, कराचे कागद. आणि 'बाबांचा कप्पा'. 1986 च्या उन्हाळ्यात बाबांनी लोणंदजवळच्या आमच्या गावी टेपरेकॉर्डर नेऊन आजीच्या जात्यावरच्या ओव्या भरून घेतल्या होत्या. सात कॅसेटी. इथल्या दमट हवेत टेपवर बुरशी धरायला लागली, म्हणून 2019 मध्ये मी त्या सगळ्या कंप्युटरवर उतरवल्या आणि कॅसेटी टाकून दिल्या. "आता चार डिस्कवर आहेत," असं मीच म्हणाले होते.

शनिवार, रात्री

पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं, तेही असं की ते आपणहून काही जोडायला जाणार नाही. मग एमडीएडीएम या आज्ञेने प्रत्येक डिस्कच्या कपाळावर काय लिहिलंय तेवढं वाचलं. त्या जागेला सुपरब्लॉक म्हणतात. ही डिस्क कोणत्या कुटुंबातली, कितव्या जागेवरची, आणि शेवटची हजेरी कधीची, हे त्यात असतं. हजेरीचा आकडा दर बदलाला वाढत जातो.

डिस्कना नावं दिली अ, ब, क, ड. अ आणि ड : 91,407. ब : 91,398. क : 61,250.

म्हणजे ब फक्त नऊ पावलं मागे आहे, आज पहाटेच गळलेली. पण क? तिच्यावरची शेवटची तारीख 19 मार्च. साडेतीन महिने आमचा सर्व्हर तीन चाकांवर चालत होता आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. इशाऱ्याची मेल जात होती, पण माझ्या आधीच्या नोकरीतल्या पत्त्यावर. तो पत्ता बंद होऊन दोन वर्षं झाली.

आणखी एक. पावसाला मी उगाच बोल लावला. नोंदींत ब गळाल्याची वेळ पहाटे 4 वाजून 12 मिनिटं आहे. पाऊस त्यानंतर सव्वा तासाने आला.

रविवार, 7 जुलै

रात्री झोप नव्हतीच. अशा वेळी माणूस शोधत सुटतो, आणि शोधलं की सल्ले मिळतात. त्यातला सगळ्यात घातक म्हणजे "ॲरे नव्याने क्रिएट करा", म्हणजे चारही डिस्कची जोडणी नव्यानं मांडा. त्यानं सुपरब्लॉक नव्यानं लिहिला जातो. डिस्कचा क्रम चुकला, तुकड्याचा आकार वेगळा निघाला किंवा नव्या आवृत्तीनं डेटाची सुरुवात दुसरीकडे धरली, आणि मग यंत्रानं आपणहून 'दुरुस्ती' सुरू केली, तर आजीच्या ओव्यांवर हिशेबानं काढलेला कचरा लिहिला जाईल. डिस्क मेल्यानं जातो त्याहून जास्त डेटा अशा घाईनं मरत असेल.

डेटा काढून देणाऱ्या एका दुकानाला फोन केला. सांगितलेला आकडा ऐकून आभार मानले. मात्र एक मनाशी ठरवलं : डिस्कमधून खटखट आवाज आला, तर त्या क्षणी वीज काढायची आणि ती त्यांच्याकडेच द्यायची. तो आजार घरगुती उपायांचा नाही. आमच्या चारही डिस्क गुपचूप फिरताहेत.

दुपारी एमआरटीनं बुगिसला उतरून सिम लिम स्क्वेअरला गेले. पाच नव्या डिस्क घेतल्या : चार जुन्या चारींच्या नकलांसाठी, पाचवी शेवटी फाइली उतरवून घ्यायला. जागा तीन टेराबाइटच वापरलेली असली तरी नक्कल अख्ख्या डिस्कची करावी लागते, कारण फाइली कुठे आहेत हे निदान तिघी एकत्र आल्याशिवाय कुणालाच ठाऊक नसतं. नवी डिस्क जुनीपेक्षा एका सेक्टरनंही लहान चालत नाही, म्हणून आकडे लिहून नेले होते. दुकानातल्या अंकलनी विचारलं, "बॅकअप होता ना?" मी म्हटलं, "रेड होतं." ते हसले आणि बिल करायला लागले.

सोमवार, 8 जुलै

काल यूथ डे होता, म्हणून आज शाळांना सुट्टी. लेक मदतनीस. खोका शेल्टरमधून काढून दिवाणखान्यात पंख्याखाली मांडला.

आज एकच भीती : नक्कल करताना दिशा उलटी व्हायची. नव्या कोऱ्या डिस्कवरचं कोरेपण जुनीवर उतरलं, तर संपलंच. लेकीनं माझ्या टिकल्यांचं पाकीट आणलं आणि चारही जुन्या डिस्कना लाल टिकली लावली. "ज्यांना टिकली, त्यांच्यावर लिहायचं नाही." शिवाय लिनक्सलाही बजावून ठेवलं की या चार नुसत्या वाचायच्या. प्रत्येक आज्ञेआधी सीरियल नंबरचे शेवटचे चार आकडे तिनं मोठ्यानं वाचायचे, मी होकार द्यायचा, आणि मगच एंटर.

नकलेसाठी डीडीरेस्क्यू वापरते आहे. साधी नक्कल खराब जागी अडली की थांबते किंवा तिथेच धडका मारत बसते. हा शहाणा आहे : आधी सुखासुखी वाचता येईल तेवढं उचलतो, अडेल तिथून उडी मारून पुढे जातो आणि नकाशात खूण करतो. सगळं सोपं हाती आल्यावर मग खुणांकडे परत येतो. आजारी डिस्क किती वेळ जगेल सांगता येत नाही, म्हणून जे सहज मिळतंय ते आधी. वीज गेली तरी नकाशावरून जिथे होता तिथून पुढे.

अ डिस्कला साडेसात तास लागले. एकही खूण नाही.

मंगळवार, 9 जुलै

ड सुद्धा स्वच्छ. रात्री ब लावली.

थांबण्याशिवाय काम नाही, म्हणून ऑफिसच्या मीटिंगा आटोपून संध्याकाळी रेल कॉरिडॉरवर चालून आले. मलेशियाकडे जाणारी रेल्वे 2011 च्या 30 जूनला या मार्गावरून शेवटची गेली. बहुतेक ठिकाणी रूळ उचलले, आणि आता तिथे गवत आणि पायवाट. पण गाडी जिथे थांबायची त्या टँग्लिन हॉल्टचं नाव वस्तीला राहिलंच. आमच्या शेजारच्या आंटी त्याच वस्तीतून इकडे आल्या. जुन्या दहा मजली इमारती सरकारनं पाडायला काढल्या तेव्हा 2014 मध्ये घोषणा झाली आणि बऱ्याच जणांना डॉसनमध्ये घरं मिळाली. सगळं क्वीन्सटाउनच असं आहे. सिंगापूरचं पहिलं सॅटेलाइट टाउन, राणी एलिझाबेथच्या 1953 च्या राज्याभिषेकावरून नाव मिळालेलं. एचडीबीच्या, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या, 1960 मध्ये पुऱ्या झालेल्या पहिल्या इमारती स्टर्लिंग रोडवर अजून उभ्या आहेत. इथून चालत जाता येतं.

आंटींनी विचारलं, रात्रभर दिवा का असतो? सांगितलं. त्यांनी आत जाऊन बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणून दाखवला. आत फोटो. "माझा सर्व्हर," म्हणाल्या.

बुधवार, 10 जुलै

ब ची नक्कल आज दुपारी पुरी झाली, एक जागा सोडून. तीन फेऱ्या करूनही बारा सेक्टर वाचता आले नाहीत. एका सेक्टरमध्ये 4,096 बाइट, म्हणजे एकूण 48 किलोबाइट. चार टेराबाइटमधले 48 किलोबाइट.

एवढ्याशा डागानं सगळं का बसलं? घरगुती डिस्क खराब सेक्टर सोडत नाही, पुन्हापुन्हा वाचत राहते, कधी मिनिटभर, कधी त्याहून जास्त. लिनक्स मात्र तीस सेकंद वाट पाहून हात झटकतं. डिस्क विचारात गढलेली आणि मालक म्हणतो ती मेली. ॲरेसाठी बनवलेल्या डिस्क काही सेकंदांतच "हे वाचता येत नाही" असं कबूल करतात. मग ती जागा इतर तिघींकडून काढून घेता येते. आमच्या डिस्क साध्या होत्या.

आणि हा डाग आधी का नाही दिसला? महिन्यातून एकदा सगळी ॲरे वाचून तपासायची सोय असते. रात्री खरखर आवाज येतो म्हणून ती मीच बंद केली होती.

गुरुवार, 11 जुलै

क ची पण नक्कल घेतली. "ती तर जुनी, शिळी, कशाला?" नवऱ्यानं विचारलं. मी म्हटलं, टाकून द्यायची घाई एकदा केली आहे, सात कॅसेटींच्या वेळी.

क स्वच्छ वाचली गेली. बहुधा मार्चमध्ये तिलाही असंच उतावळेपणानं बाहेर काढलं होतं.

जेवताना लेकीनं विचारलं, एक डिस्क नसली तरी तिच्यातलं कसं कळतं? चार वाट्या घेतल्या. तीन वाट्यांत मनाला येतील तेवढे शेंगदाणे टाक म्हटलं. चौथीत मी असे टाकले की एकूण सम व्हावेत. आता एक वाटी झाक. उरलेल्या तिघींची बेरीज विषम आली, तर झाकलेल्या वाटीत विषम दाणे; सम आली, तर सम. डिस्कवर शून्य आणि एक एवढंच असतं, म्हणजे सम-विषम कळलं की सगळं कळलं. "आणि दोन वाट्या झाकल्या तर?" तर काहीच कळत नाही. तिनं दोन झाकून पाहिल्या आणि दाणे खाऊन टाकले.

ही युक्ती 1988 मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी एका निबंधात मांडली आणि तिला रेड हे नाव दिलं. त्यातल्या आय या अक्षराचा अर्थ तेव्हा 'स्वस्त' असा होता, पुढे धंदेवाल्यांनी तो 'स्वतंत्र' केला. आमच्या चारही एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच खोक्यात, एकाच कोंदट खोलीत तापलेल्या. त्या स्वस्त होत्या. स्वतंत्र कुठे होत्या?

शुक्रवार, 12 जुलै

आज जोडणी. नकलांवरही थेट लिहायचं नाही. प्रत्येक नकलेवर ओव्हरले टाकला, म्हणजे जे काही लिहिलं जाईल ते वेगळ्या फाइलीत जातं, खालची डिस्क जशीच्या तशी राहते. बाबा भूमी अभिलेख खात्यात होते. मूळ गटनकाशावर पेन्सिलही टेकवू द्यायचे नाहीत. वर ट्रेसिंग पेपर, आणि जी काय खाडाखोड ती त्यावर. चुकलं तर कागद फाडायचा. मला ओव्हरले पहिल्यांदा वाचताच कळला तो त्यामुळे.

अ, ब, ड तिघींना जबरदस्तीनं एकत्र आणलं. ब च्या नऊ पावलांच्या फरकाकडे दुर्लक्ष कर, एवढंच त्या 'फोर्स'चं म्हणणं. मग फाइल सिस्टिम नुसती वाचायला उघडली, जर्नलसुद्धा चालू न करता. कारण ext4 ची, म्हणजे 'ईएक्सटी फोर'ची, खोड अशी की 'फक्त वाच' सांगितलं तरी ती उघडताना अपुरी कामं पुरी करायला जाते.

रात्री 11 वाजून 20 मिनिटांनी सगळे फोल्डर समोर. काही बोलले नाही. पाचव्या डिस्कवर फाइली उतरायला लावल्या आणि दूध गरम केलं.

शनिवार, 13 जुलै

आता त्या बारा सेक्टरांचा शोध. ब च्या नकलेत त्या जागी डीडीरेस्क्यूकडून एक ठरलेला शब्द पुनःपुन्हा लिहवून घेतला होता. तो शब्द ज्या फाइलीत सापडेल ती जखमी. दोन तास शोध चालला. एकच फाइल निघाली : बाबांच्या कप्प्यातली, तिसऱ्या कॅसेटची दुसरी बाजू.

अर्थात तीच. फोटो रोज कुणीतरी उघडतं. ती फाइल पाच वर्षं कुणी उघडली नव्हती. शनिवारी पहाटे फाइली वाचून त्यांची यादी करणारा रात्रीचा प्रोग्रॅम तिच्यापर्यंत पोचला आणि तिथे ब अडखळली.

पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या जमवल्या, लाखाच्या वर. बर्नार बेल यांनी त्यांचा डेटाबेस बांधायला आणि आवाज मुद्रित करायला हातभार लावला, आणि आता 'पारी' या संकेतस्थळावर त्या कुणालाही ऐकता येतात. मी आजीच्या ओव्या तिकडे, निदान कुणाकडे तरी, कधीच का पाठवल्या नाहीत? घरच्या आहेत म्हणून. घरात जपून ठेवायच्या म्हणून. जातं गेलं तरी ओव्या राहिल्या, कारण एक बाई गाताना दुसरी ऐकत होती. मी त्या बॉम्ब शेल्टरमध्ये कोंडल्या.

रविवार, 14 जुलै

पहाटे चारला अंथरुणात सुचलं.

ब तिथे मुकी आहे, आणि क शिळी. पण शिळी कशाच्या हिशेबानं? क ला मार्चनंतरचं काही माहीत नाही. ही फाइल 2019 ची. मार्चपर्यंत क घरातच होती, आणि त्या जागी नंतर काही लिहिलं गेलं नसेल तर तिच्याकडचं अजून खरं आहे. जी घरातून आधी गेली, तिच्याकडे जुनं शाबूत.

म्हणजे त्या जागी तीन वाट्या उघड्या आहेत : अ, क आणि ड.

आधी खात्री. डागाच्या अलीकडचे आणि पलीकडचे सेक्टर ब वर नीट वाचता येतात. तिथे अ, क, ड यांचं सम-विषम काढून ब शी ताडून पाहिलं. दोन्ही बाजूंना बिट न् बिट जुळलं. ही पट्टी मार्चनंतर कुणी शिवलेली नाही. मग पायथनच्या दहा ओळी : त्या बारा सेक्टरांपुरतं तिघींवरून ब चं उत्तर काढायचं आणि ओव्हरलेवर लिहायचं. पुन्हा जोडणी केली, फाइल उघडली.

नुसती वाजली म्हणजे बरी झाली असं नव्हे. पण ओव्या मी फ्लॅक या आवाजाच्या फाइल-प्रकारात ठेवल्या होत्या, आणि फ्लॅक फाइलीच्या सुरुवातीलाच आतल्या मूळ आवाजाचा ठसा असतो. तपासणी लावली. कालपर्यंत ही फाइल नापास होत होती. आज एकच शब्द आला : ओके.

हेडफोन लावून ती जागा ऐकली. 48 किलोबाइट म्हणजे त्या फाइलीत जेमतेम एक सेकंद. त्या सेकंदात आजी गातही नाही. एक ओवी संपली आहे, दुसरी अजून धरायची आहे, आणि ती जात्यात वैरण घालते आहे. दगडाची घरघर क्षणभर जड होते, एवढंच.

मी तो सेकंद आठ-दहा वेळा ऐकला.

बुधवार, 17 जुलै, आषाढी एकादशी

ऑफिसला जायच्या आधी साबुदाण्याची खिचडी केली. गेले तीन दिवस घरगुती शिक्षेचे. इशाऱ्याची मेल आता आम्हा दोघांना येते, आणि सगळं ठीक असलं तरी दर रविवारी येते; आली नाही तर तोच इशारा. महिन्याची तपासणी चालू केली, खरखर ऐकून घ्यायची. खोका शेल्टरबाहेर. नवी ॲरे रेड-6, दोन डिस्क गेल्या तरी चालेल अशी, पण तिला बॅकअप म्हणायचं नाही. ओव्यांची एक प्रत पुण्याला भावाकडे, एक भाड्याच्या क्लाउडवर, एक लोणंदला थोरल्या आत्याकडे जाणाऱ्या पाहुण्यांच्या बॅगेत पेन ड्राइव्हवर. जुन्या चार डिस्क कपाटात, टिकलीसकट.

पेन ड्राइव्ह पोचेपर्यंत धीर नव्हता, म्हणून संध्याकाळी आत्याला फोन करून तिसऱ्या कॅसेटची दुसरी बाजू ऐकवली. आत्या ऐंशीच्या घरात. बाबांनी ओव्या भरल्या तेव्हा ती लग्न होऊन सासरी गेली होती. हे रेकॉर्डिंग तिनं कधीच ऐकलेलं नव्हतं. ती बराच वेळ गप्प होती. मला वाटलं रडते आहे.

"आवाज आईचाच आहे गं," ती म्हणाली. "पण जातं आपलं नाही."

"म्हणजे?"

"आपल्या जात्याचा खुंटा ढिला होता. फेरा आला की कट्ट वाजायचा. हे शेजारच्यांचं जातं. आमचं टाकी लावायला दिलं असेल तेव्हा. आणि दुसरी बाई कोण आहे ठाऊक आहे का तुला, मागून सूर धरणारी?"

पाच वर्षं ही फाइल माझ्याकडे होती. दुसरी बाई आहे हे मला माहीतच नव्हतं. मी ती आजीचाच घोगरा सूर समजत होते.

फाइलीशेजारी एक साधी मजकुराची फाइल उघडली आणि आत्या सांगेल ते टिपत गेले : जातं कुणाचं, दुसरी बाई कोण, तिचं माहेर कुठलं. तेवढ्यात आत्याचा उपासाचा फराळ आला.

"उरलेलं रविवारी," ती म्हणाली. "आणि वही घेऊन बस."

एक बाजू ऐकवून झाली. अजून तेरा.